स्वप्नचोर दिवे

रफूकाकांचा सरळ बाजूवर विश्वासच नव्हता. कापड हातात आलं की आधी ते उलटं करायचं. गाठी, टोकं, खरं काय ते सगळं मागे! सरळ बाजूला त्यांचा रफू कुणाला दिसत नसे. त्यांना स्वतःलाही नंतर सापडत नसे, याचा त्यांना कोण अभिमान.

काकू गेल्या तरी रोज स्वप्नात यायच्या, शेजारी बसून सुई ओवून द्यायच्या. मग गल्लीत नवे पांढरे दिवे लागले आणि त्या येईनाशा झाल्या. 'हे दिवे माणसांची स्वप्नं शोषतात,' असं काकांना फोनवर सापडलं आणि त्यांना हायसं वाटलं. म्हणजे आपण तिला विसरत नव्हतो. तिला कुणीतरी अडवलं होतं.

काका ते सगळ्यांना पाठवत सुटले. समोरचा इस्त्रीवाला हसला, तेव्हा तोही 'त्यांच्यातला' ठरला. ओळखीची माणसं काढता पाय घेऊ लागली, पण अनोळखी माणसं ग्रुपवर शाबासकी द्यायची. ताईचे यजमान, दाजी, वायरमन होते, पण ते फक्त मीटर बघतात अशी काकांची समजूत होती.

एकदा ग्रुपवर फोटो आला: शिडीवर पाठमोरा माणूस, हातात दिवा. काकांनी खाली लिहिलं, 'हाच तो चोर. जाब विचारा,' आणि दिला पाठवून.

दोन दिवसांनी दुपारी ताई आली. पिशवीतून दाजींचा शर्ट काढला, मानेपासून फाटलेला.

"कुठलासा फोटो बघून लोकांनी शिडीवरून खेचलं रे यांना. हात मोडलाय. दिव्यांच्या कामावर नुकतंच घेतलं होतं."

काकांनी सवयीने शर्ट उलटा केला. खांद्यावर त्यांच्याच गाठी होत्या, जुन्या रफूच्या. फोटोत हाच खांदा होता, सरळ बाजूने.

"होईल ना नीट? तुझं काम दिसत नाही, म्हणून तुझ्याकडे आणला."

"ताई, तो फोटो मीच पाठवला होता लोकांना."

ताईने शर्ट त्यांच्या मांडीवरून उचलला, उलटाच घडी केला आणि निघून गेली. काकांना लाजेने मान वर करवेना.

संध्याकाळी दिवे लागले. त्या पांढऱ्या उजेडातच काकांचा बसल्याजागी डोळा लागला, आणि काकू आल्या. अगदी सहज, दार लोटून. काकांनी सुई पुढे केली. काकूंनी ती घेतली नाही.

"दाजींचा शर्ट कुठाय?" त्यांनी विचारलं.