सानिकाच्या शेजारची सीट

“सर, बक्षीस गेलं खड्ड्यात. माझ्या शेजारी कुणीतरी बसलं पाहिजे.”

तालमीच्या पहिल्याच दिवशी मी नाटकाला बक्षीस मिळवायच्या गोष्टी करत होतो, त्यावर सानिका असं म्हणाली.

मी कंपन्यांची नाटकं बसवतो. अ‍ॅन्युअल डे जवळ आला की चाकणहून फोन सुरू होतात. सानिका तिथल्याच एका कंपनीत पॅकिंगला. तृतीयपंथी. कामाला चोख. पण निगडीहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तिच्या शेजारची सीट कायम रिकामी. लोक तिघं-तिघं चेपून बसतील, पण तिथं नाही.

मी नाटकात तीन प्रवेश केले. पहिल्यात बादशहाच्या दरबारात मानानं वावरणारा ख्वाजासरा, म्हणजे जनानखान्याचा तृतीयपंथी कारभारी. दुसऱ्यात इंग्रजांचा कायदा. अशा माणसांची नावं पोलिसांत नोंदवायची आणि बायकी कपड्यांत चारचौघांत दिसली की अटक. तिसऱ्यात आजची बस. तिन्हींत सानिकाच.

हवालदार झाले होते लाइन सुपरवायझर कदम. ब्लॉकिंग चालू होतं, म्हणजे स्टेजवर कुणी कुठं उभं राहायचं ते ठरवणं. कदम तिच्यापासून चार हात लांब!

“कदम, अटक करताय की टाटा?”

“सवय न्हाई ओ सर.”

“धरा की हात. चावत नाही मी,” सानिका म्हणाली. कदम लाजले, हसले, आणि धरला एकदाचा.

मग एचआरच्या जोशी मॅडम तालीम बघायला आल्या. “सर, तो बसचा सीन काढा ना. क्लायंट येणारेत. जुनं ठेवा, किती छान आहे ते!”

“मॅडम, त्या सीनसाठी तर सगळा खटाटोप!”

“मग नाटकच ठेवायला नको.”

मी तावातावानं भांडलो. शेवटी सानिकाच म्हणाली, “राहू द्या सर. शहाणी माणसं आहेत, समजेल त्यांना.”

बसचा प्रवेश गाळला, तरी प्रयोग रंगला. अटकेच्या प्रसंगाला हॉलमध्ये मुसमुसणं ऐकू येत होतं. जोशी मॅडम डोळे पुसत स्टेजवर आल्या. “इंग्रज किती निर्दयी होते! सानिकासाठी कंपनी नक्की काहीतरी करेल.” टाळ्यांचा कडकडाट झाला. मलाही वाटलं, जमलं राव!

सोमवारी नाटकाचे कपडे आणायला मी त्याच बसनं निघालो. ड्रायव्हरच्या मागच्या, दोघांच्या सीटवर चकचकीत स्टिकर होता: ‘सानिका यांच्यासाठी राखीव. इतरांनी बसू नये.’

“बघा सर, व्हीआयपी केलं आमी त्यांना!” कदम कौतुकानं म्हणाले आणि मागं जाऊन तिसरे म्हणून चेपून बसले.

मी सानिकाच्या शेजारी टेकणार, तेवढ्यात ड्रायव्हर ओरडला, “साहेब, तिथं नको. मॅडमची ऑर्डर हाय.”

सानिका खिडकीबाहेर बघत होती. “आधी कुणी बसत नव्हतं, सर. आता बसायला बंदीच आहे.”

दिवाळीआधी तिनं ती नोकरी सोडली. फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

आता हे नाटक कुठंही बसवलं की मी आजचा, बसचा प्रवेश पहिला ठेवतो, इंग्रज मागाहून. लोक रुसतात. दोन कंपन्यांनी तर मला बोलावणंच बंद केलं.