बोरसीचा डबा

दुर्ग स्टेशनवर मी पाहुण्यांना घ्यायला गेलो होतो. बाकावर शेजारी एक बाई बसली होती. मांडीवर स्टीलचा डबा, झाकणावर नवऱ्याचं नाव कोरलेलं. दर दोन मिनिटांनी ती झाकण तळव्यानं दाबून पाहायची, जणू आतले लाडू पळून जातील.

मी विचारलं तशी ती खुलली. हथखोजजवळच्या एका शाळेत शिकवायला परदेशातून स्वयंसेवक येतात. त्यांना राहायला, त्यांना आणणाऱ्या संस्थेनं हिचं दुर्गमधल्या बोरसीचं घर ठरवलं होतं. पहिल्यांदा स्पेनची एक मुलगी आली. जाताना हिनं तिला याच डब्यात चिवडा भरून दिला. डबा गेला तो गेलाच, असं घरचे म्हणाले. पुढच्या वर्षी दुसरा स्वयंसेवक आला, त्याच्या बॅगेतून हाच डबा निघाला. त्या मुलीच्या आईनं बदामाची मिठाई भरून पाठवली होती.

आता हिची लेक, समोर सामानापाशी उभी होती ती, स्पॅनिश शिकायला त्याच आईच्या घरी सहा महिने राहणार होती.

"कधी न पाहिलेल्या घरी पोरीला पाठवता, भीती नाही वाटत?"

"संस्थेनं लय कागद दाखवले, मले काई समजलं नाई," ती हसली. "पण त्या बाईनं माहा डबा रिकामा नाई पाठवला ना! मंग मी कायले भिऊ?"

गाडी आली. दारात उभ्या लेकीच्या हाती डबा देत ती ओरडली, "वापस आणाची घाई नको करजो! त्या बाईले भरू दे."

घरी आल्याबरोबर मी शेजारणीची वाटी शोधली. महिनाभर आमच्याकडे रिकामीच पडून होती.