बाईसाहेबांचे पाय

घोड्यांची देखभाल करणाऱ्या त्या मोतद्दाराला सगळे इस्त्रीकाका म्हणत. त्यांच्या हातचा घोडा म्हणजे नुकती इस्त्री मारून आणलेला! खरारा केलेला, शेपटी विंचरलेली, खुरांना तेल. मळका घोडा चारचौघांत उभा करायचा म्हटलं की काकांच्या अंगावर काटा यायचा. आता टापटिपीनं कुणाचं वाकडं होतं का? पण काकांचं झालं.

घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेचा तो तबेला भर शहरात होता, चारी बाजूंनी इमारतींनी गच्च दाबलेला. काका-काकूंची खोली त्याच्या मागच्या भिंतीला चिकटून. काकांचा सगळा जीव एका करड्या घोडीत. तिला ते बाईसाहेब म्हणत. काकू म्हणायच्या, "तुमचं लग्न नक्की कुणाशी झालंय हो?"

तर या बाईसाहेबांचे मागचे दोन्ही पाय सुजायला लागले. जखम नाही, लंगडणं नाही, ताप नाही. बोटानं दाबलं की खळगा पडायचा, एवढंच. कशानं सुजतात, देव जाणे. काकांचं धाबं दणाणलं, कारण बिनकामाचं जनावर मालक तबेल्यात ठेवत नसत. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं.

आणि डॉक्टरबाई येणार म्हणून या माणसानं काय करावं? रात्रभर घोडीच्या पायांना पट्ट्या आवळून ठेवल्या. सकाळी त्या सोडून तिला आवारात भरपूर फिरवलं, धुतलं, पुसलं. बाई येऊन बघतात तर पाय कसे, सडसडीत!

"सूज कुठाय, काका?"

"काल होती हो!"

पुढच्या खेपेलाही तेच. बाईंनी रक्त तपासायला नेलं, त्यातही काही निघालं नाही. मालक उखडले, "तुम्हालाच काम नकोय म्हणून घोडीला आजारी पाडताय की काय?" काका रडकुंडीला आले. संध्याकाळी पाय परत टम्म. अहो, सूज तुम्हीच उतरवून ठेवताय की! पण त्यांच्या डोक्यात ते येईचना. पाहुणा यायचा म्हटल्यावर घर आवरायचं, तसं त्यांचं ते चालायचं.

शेवटी काकू कडाडल्या, "घोडी दाखवायचीय की मिरवायचीय? राहू द्या तशीच!"

डॉक्टरबाई पुन्हा आल्या त्या दिवशी काकांनी घोडीला हात लावला नाही. शेणानं बरबटलेल्या घोडीशेजारी ते मान खाली घालून उभे राहिले. डॉक्टरबाईंनी पाय दाबून पाहिले.

"पायांत काही बिघाड नाही, काका. शिकवणीचा तासभर सोडला तर दिवसभर एका जागी उभी राहते, म्हणून पायांत पाणी उतरतंय. हिला मोकळं रान हवं. इथं कोंडून ठेवलीत तर कायमची खराब होईल."

मालकांच्या भावाचं लांब कुठंतरी कुरण होतं, तिथं तिला पाठवायचं ठरलं. काका म्हणाले, "मीही जातो तिच्याबरोबर."

"आणि इथले बाकीचे घोडे कोण बघणार? मी?" मालक म्हणाले. काकांचा चेहरा बघून मग जरा नरमले. "बरं, उद्या सकाळी सूज उतरलेली दिसली तर राहू दे तिला इथंच."

उद्या सकाळी! तो तर काकांच्या हातचा मळ. दिवेलागणीला ते पट्ट्या घेऊन बसले आणि एक पाय बांधूनही झाला. बाईसाहेब भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, कधी या पायावर भार, कधी त्या. वळायलासुद्धा धड जागा नव्हती. काकांचा जीव तुटला. त्यांनी बांधलेली पट्टी सोडली.

सकाळी मालकांनी सुजलेले पाय पाहिले आणि गाडी बोलावली. घोडी मुकाट्यानं गाडीत चढली.

"बांधायच्या होत्यात ना पट्ट्या," काकू हळूच म्हणाल्या. "कुणाला कळलं असतं?"

"मालकांना नसतं कळलं," काका म्हणाले. "पण उभं तिलाच राहायला लागलं असतं ना गं."

आणि तिथंच गवताच्या पेंडीवर बसून ते ढसाढसा रडले. बाकीचे घोडे चाऱ्यासाठी पाय आपटत होते, तरी उठले नाहीत.