चित्राने पुरलेले दहा रुपये

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीत शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते वाण्याची यादी करायला. ही वही चित्राची आहे, मागची पानं कोरी होती. कुणाच्या हाती पडली तर चुकांचा राग धरू नये. तिच्याबद्दल बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते आहे.

चित्रा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तेव्हापासून हैदराबादेत, नारायणगुड्यातल्या या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. मी लोकांकडे पोळ्या लाटायला जाते. दीड महिन्यापूर्वी सकाळी कणीक मळत होते आणि फोन वाजला. तिकडे इंग्लंडात चित्रासोबत राहणारी सुनीता, आपल्याकडचीच तेलुगू मुलगी. म्हणाली, "अम्मा, जवळ कुणी आहे का?" मी म्हटलं, कुणी नाही, तू बोल. ती रडायलाच लागली. चित्रा सायकलवरून कामावरून परतत होती, पाऊस होता, मागून गाडी आली. माझ्या हाताला कणीक तशीच वाळली. शेजारच्या शबाना आपांनी दुपारी कोमट पाण्याने ती सोडवून काढली.

चित्रा इंग्लंडमधल्या एका गावात, जमिनीत गाडलेली जुनी घरं शोधायला खणायचं काम करायची. मोठं शिकून गेली होती. मी चिडवायचे, "एवढं शिकून शेवटी मातीच उपसतेस होय?" ती म्हणायची, "आणि तू इतकी वर्षं पोळ्याच लाटतेस, मी काही बोलले का?" त्या गावात गाड्या उभ्या करायची एक जागा होती, तिथे खड्डा घेतला होता. ती फोन फिरवून खड्ड्याची बाजू दाखवायची. वर डांबर, खाली विटा, त्याखाली जळलेला काळा पट्टा, मग पुन्हा माती, पुन्हा घर. ते गाव कधी ओस पडलंच नाही म्हणे. एक घर पडलं की लोक त्यावरच दुसरं बांधायचे. मी विचारलं, "तुम्ही त्यांच्या घरात न विचारता शिरता, त्यांना चालतं का?" ती खूप हसली होती.

एकदा तिने पिवळ्या मातीच्या रेघा दाखवल्या. कागदासारख्या पातळ, एकावर एक. जमीन पुन्हा पुन्हा केली आहे एवढं कळतं, म्हणाली. मी नीट बघितलं आणि विचारलं, "मधे पातळ आणि भिंतीकडे जाड आहे का?" ती खाली वाकली. "हो गं. तुला कसं कळलं?" मी म्हटलं, "सारवण आहे ते. मधे पायांनी झिजतं, कडेला साठत जातं. गावाकडे आमची जमीन अशीच होती." तिने तिथल्या मोठ्या बाईंना हाक मारली आणि भराभर इंग्रजीत सांगितलं. त्या बाई वहीत लिहून घेऊ लागल्या, माझं नाव विचारायला लागल्या. मी पदर तोंडावर घेतला आणि फोन पालथा ठेवून दिला. आतून चित्रा ओरडत होती, "मावशी, अगं लाजतेस काय, त्या थँक्यू म्हणतायत..." त्या दिवशी मी पोळ्या करत होते पण माझं लक्ष नव्हतं. असं मला आधी कुणी काही विचारलं नव्हतं.

शेवटचं आली ती उन्हाळ्यात, आठ दिवसांसाठी. निघताना म्हणाली, खड्डा बुजवायचा झाला की तळाशी एक आजचं नाणं ठेवतात, पुढे कुणी खणलं तर कळावं की आपल्या आधी इथे कुणी येऊन गेलं. "मला आपल्या घरचं ठेवायचंय. दे ना." देव्हाऱ्यातल्या वाटीत दहाचं नाणं होतं, ते दिलं. इथे दुकानदार दहाचं नाणं घेतच नाहीत. ती म्हणाली, "इथे चालत नाही ना तुझं, तिथे हजार वर्षं चालेल बघ." मी म्हटलं, "उसने देतेय हं. दहा रुपये परत केल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."

शबाना आपा दारात होत्या. त्या एकदम गप्प झाल्या. म्हणाल्या, "जाते वखत ऐसा नक्को बोलो, अक्का." मी हसले. चित्राही हसली, रिक्षात बसली, अफझलगंजच्या बाजूला वळेपर्यंत हात हलवत होती.

दोन महिन्यांनी तिने फोनवर दाखवलं. खड्ड्याच्या तळाशी माझं नाणं ठेवलं, वर माती लोटली. "पुरले बघ तुझे दहा रुपये."

ती आली ती पेटीत. पेटी उघडू नका, असं सोबत आलेल्या माणसाने सांगितलं. मी खूप विनवलं. शेवटी सगळ्यांनी मला धरून बाजूला नेलं... तोंड दाखवू नकोस, हे मीच म्हटलं होतं. देवापुढे बसले की तेवढंच कानात वाजतं. शबाना आपा म्हणतात, बोलण्याने असं होत नसतं. त्या तसं म्हणतात, पण चित्रा निघाली त्या दिवशी त्या गप्प झाल्या होत्या ते मी पाहिलंय.

गेल्या आठवड्यात सुनीता आली, चित्राची बॅग घेऊन. कपडे होते, चिखलाचे बूट होते, तिची छोटी थापी होती, लाकडी मूठ तिच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेली. आणि एक लहानशी प्लास्टिकची पिशवी. खड्ड्यात सापडलेली प्रत्येक वस्तू ते तसल्या पिशवीत ठेवतात, आत चिठ्ठी घालून. चिठ्ठी नसली तर वस्तू मुकी होते, असं ती सांगायची. पिशवीत दहाचं नाणं होतं. सुनीता म्हणाली, "महिनाभर सगळ्यांना विचारत होती, अम्मा. कुणाकडे आपलं दहाचं नाणं आहे का म्हणून. शेवटी तिथल्या एका आपल्याकडच्या दुकानदाराच्या गल्ल्यात मिळालं. दिवाळीला स्वतः घेऊन येणार होती."

चित्रा इंग्रजी शाळेत शिकली. मराठी अक्षरं तिला मीच शिकवली होती, मला येत होती तेवढी. चिठ्ठीवर माझ्यासारखीच वाकडी अक्षरं आहेत. "मावशीचे दहा रुपये. पुर्ण परत. आता तोंड दाखवायला येते."

नाणं मी वाटीत ठेवलं. पिशवी, चिठ्ठी तशीच. ज्याला वस्तू मिळाली त्याने चिठ्ठीवर तसं लिहायचं असतं, हेही तिनेच सांगितलं होतं. म्हणून काल मी खाली लिहिलं. दहा रुपये मिळाले. पुर्ण मिळाले.