चोरीचा पावटा

बायाक्का माझी धाकटी जाऊ. संकेश्वरजवळच्या आमच्या गावात जिकडे बघाल तिकडे ऊस, आणि हिच्या परसात मात्र जांभळ्या कडेच्या शेंगांच्या पावट्याचा मांडव. बियाणं आमच्या सासूबाईंचं. पूर्वी बांधाबांधावर असायचा हा पावटा. उसापायी बांधच राहिले नाहीत, मग पावटा कुठला राहतो? उरला तो हिच्या परसात. एकदा खाल्लात तर बाजारातला पावटा घशाखाली उतरणार नाही.

पण बाई महाचिकट. आल्यागेल्याला वाटीभर आमटी देईल, बियाणाचा दाणा म्हणून देणार नाही. शेजारच्या जयाबाईनं मूठभर मागितलं, तर म्हणाली, "आमटी खा की, बी कशाला पायजे?" आठवड्याभरात वाळत घातलेल्या शेंगा कमी झाल्या. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. फक्त भिंतीपल्याड ऐकू जाईल अशा बेतानं "चोरटी" म्हणायचं, एवढाच काय तो संबंध.

दोन वर्षांपूर्वी नवं घर झालं, गॅस आला. बियाणाची पुरचुंडी आजवर चुलीवर टांगलेली असायची, ती हिनं सवयीनं गॅसच्या वर टांगली. चुलीच्या धुरानं कीड लागत नसे. गॅसला कुठला आलाय धूर? पेरणीच्या वेळी पुरचुंडी सोडली, तर आत नुसतं पीठ आणि भुंगे. एक दाणा धड नाही.

मला बेळगावला फोन. "आक्का, माझ्या हातानं बुडीवलं गं समदं!" रडं काही थांबेना. मी सरळ बस धरून गेले.

"जयाबाईकडं असेल की," मी म्हटलं.

"त्या चोरटीकडं?"

"तिच्याकडंच असणार. प्रामाणिक माणसांना तू दिलंस कुठं?"

हाताला धरूनच नेली. जयाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी. "व्हय, चोरलंय. गुंजीला, लेकीच्या सासरी परसात लावलंय. गेल्या साली मांडव वाकला हुता शेंगांनी. चोरीचा येल लई धरतोय, ठावं न्हाय व्हय?"

"दे की मग वाईच," बायाक्का खाली बघून पुटपुटली.

"आमटी खा की, बी कशाला पायजे?"

मला वाटलं, आता जुंपणार. पण बायाक्का फसकन हसली आणि तिथंच पायरीवर बसली. "आण तर आण आमटी. भूक बी लागलीया."

जयाबाई आत जाऊन वाटी घेऊन आली. वाटीत कोरडे दाणे होते, काठोकाठ.

यंदा गेले, तर बायाक्काच्या शेंगा परसात नाहीत, रस्त्याकडच्या कट्ट्यावर वाळत पडलेल्या. राखणीला कोणी नाही. मी हाक मारणार, तोच तिनं मला दाराआड ओढलं.

"गप गं आक्का! पल्याडच्या भरमूची सून शेंगांपाशी घुटमळतीया. न्हेऊ दे तिला."

"अगं, मग बोलावून हातात दे की सरळ!"

"दिल्यालं नीट लागत न्हाय," ती म्हणाली, आणि फटीतून बघत राहिली.