पूनमचं पथ्य

आयुर्वेदाचा दवाखाना, तोही उचगावात! औषधं कपाटात मावतात, किस्से कुठं ठेवायचे सांगा? त्यातले निम्मे पोरींना खाऊ घालण्याचेच.

परवा नववीतली एक पोरगी आली. चेहरा पांढराफटक. म्हटलं, "रोज नाचणीची भाकरी, वर तूप. खाशील?"

"नको मॅडम, रील्समध्ये गाल दिसतात!"

"चक्कर येऊन पडलीस की तेही शूट करतील हं!"

तेव्हा कुठं भाकरीला राजी झाली. तुपाच्या वाटाघाटी अजून चालू आहेत.

*

पूनम मात्र कशालाच नको म्हणाली नाही. कबड्डी खेळणारी पोरगी, मैदानातच डोळ्यांपुढं अंधारी आली. तपासलं तर रक्त फारच कमी. शाळेतल्या सरांनी बजावलं, "रक्त वाढल्याशिवाय टीममध्ये नाही!" माझ्यापुढं ढसाढसा रडली बिचारी. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, शिवाय शतावरी कल्प, रात्री जेवणानंतर दुधातून घ्यायला.

कल्पाचा डबा आठवड्यात फस्त! पूनम तशीच वाळकी.

"कोण खातंय गं?"

"दादा. त्यो तालमीत जातोय न्हवं!"

दादाला बोलावून घेतलं. "पैलवान, हे बायकांचं औषध. मिशा गळाल्या तर माझ्याकडं यायचं नाही!"

शुद्ध थाप. पण लागू पडली.

*

तरी रक्त म्हणावं तसं वाढेना. मी पूनमच्या आईवरच चिडले. "दुधातून द्यायला सांगितलं होतं. देता का नाही?"

"कल्प देतीय की. पर मी आन पूनम शेवटी जेवतो. तवर दूध संपलेलं असतंय. आन कालवणबी."

पथ्यात काय खायचं ते असतं, कितव्या नंबरानं खायचं ते कुठं असतं?

मग तिच्या वडलांना बोलावून दरडावलं, "पूनमला सगळ्यांच्या आधी वाढायचं. औषधच आहे ते. चुकलं तर गुण येणार नाही!"

त्यांनी मुकाट्यानं ऐकलं. लेकीला भूक लागते म्हटलं असतं तर ऐकलं असतं का, कुणास ठाऊक. याचं मला अजून वाईट वाटतं.

पण दिवाळीनंतर पूनम टीममध्ये परत गेली.

*

गेल्या आठवड्यात तिची आई आली. सोबत नवरा. त्याला खुर्चीत बसवलं, स्वतः उभीच राहिली.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काय न्हाय."

"मग?"

"पूनमला जे पथ्य सांगितलंसा, तेच मलाबी सांगा," ती म्हणाली. "ह्यांच्या म्होरं."