नाल्याकाठच्या सऱ्या

धर्मापुरीजवळच्या एकाच गावातून आम्ही दोघी सिरसाळ्याच्या बाजूला सुना म्हणून आलो, तेही एकाच गावात. मी ऊसवाल्यांच्या घरी, ती तळ्याकाठच्या मच्छीमारांच्या आळीत. माहेरी आम्ही एका बाकावर बसून दहावीपर्यंत शिकलो होतो. सासरी आमची भेट व्हायची ती तळ्याच्या घाटावर, धुण्याच्या निमित्ताने. धुणं कमी आणि बोलणं जास्त, म्हणून माझ्या सासूबाई मला मुद्दाम मोठ्या बायकांबरोबर पाठवायच्या. तरी आम्ही शेजारशेजारचे दगड धरायचोच.

तळं मोठं होतं. गावातल्या मच्छीमार संस्थेकडे त्याचा ठेका होता आणि आळीतली सगळी घरं त्यावर चालायची. पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते, दरवर्षी उन्हाळा लागला की पाणी हिरवं व्हायचं. आधी काठाला साय धरल्यासारखं, मग अख्खं तळं. पांढरं धोतर धुतलं तर ते पोपटी होऊन घरी जायचं. म्हशी तोंड लावायच्या आणि मान झटकून मागे फिरायच्या.

एका ढगाळ, वारा पडलेल्या सकाळी मी घाटावर गेले तर मैत्रीण घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. काठाला मेलेल्या माशांची रांग लागली होती, पांढरी पोटं वर करून. ती पाटीत मासे भरत होती आणि भरलेली पाटी तिथंच ओतून पुन्हा भरत होती.

"अगं, काय करतीस?" मी विचारलं.

"काय करू तेच कळंना," ती म्हणाली. "हात रिकामे ठेवले की रडू येतंय."

मत्स्य खात्याचे एक साहेब आले. तरुण होते, समजुतीचे होते. त्यांनी बाटलीत पाणी भरून घेतलं, नाल्याच्या काठाने वरपर्यंत चालत गेले आणि परत येऊन सगळ्यांना घाटावर बसवून सांगितलं. वरच्या रानात उसाला जे खत टाकतात, त्यातलं बरंचसं पावसाबरोबर नाल्याने तळ्यात येतं. ते उसाला जोर देतं तसा शेवाळालाही देतं. शेवाळ माजतं, मरतं, कुजतं आणि कुजताना पाण्यातली हवा संपवतं. मासे गुदमरतात. उपाय त्यांनी सोपे सांगितले. नाल्याच्या दोन्ही काठांना गवताचा रुंद पट्टा सोडायचा, म्हणजे खत तिथंच अडेल. खत फेकायचं नाही, बेताने सरीत देऊन मातीआड करायचं. आणि काठावरचे उकिरडे हलवायचे.

ऐकताना सोपं होतं. पण नाल्याला लागून सगळ्यात लांब रान होतं ते आमचं.

माझे सासरे, मामंजी, साखर कारखान्याचे जुने सभासद. माळकरी माणूस. कपाळाला बुक्का आणि उसावर माया. त्यांच्या उसाएवढा उंच ऊस शिवारात नव्हता आणि खताच्या बाबतीत त्यांचा हात सैल होता. जेवायला वाढताना मी साहेबांचं सगळं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"म्हंजी माशांसाठी मी उसाच्या सऱ्या सोडायच्या? पोरी, मी मासा खात न्हाई. खात तर न्हाईच, बघत बी न्हाई!"

सासूबाई पदराआड हसल्या. विषय तिथंच मिटला.

मग पाऊस रुसला. मृग कोरडा गेला, पोळा कोरडा गेला. विहिरी खरवडल्या गेल्या. मामंजींचा ऊस गुडघ्यावर येऊन वाळला आणि जनावरांना वैरण म्हणून कापावा लागला. तळं आकसत आकसत मधल्या डबक्यापर्यंत गेलं, मग तेही गेलं. घाटाचे दगड पाण्यापासून इतके लांब राहिले की तिथं धुण्याचा प्रश्नच नव्हता. तरी आम्ही दोघी तिथंच भेटायचो. सवयच तशी होती.

"आमी यंदा तोडणीला जातोय," एक दिवस ती म्हणाली. "मुकादम येऊन गेला. कोयता घ्यायचा."

आळीतलं कुणी आजवर ऊसतोडीला गेलं नव्हतं. ती गेली की दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जाणार, आणि पुढच्या वर्षीही तळं असंच राहिलं तर पुन्हा जाणार.

"संस्थेनं पट्टा सोडणाऱ्यांना काही द्यायला पाहिजे," मी म्हणाले. "तोटा त्यांचा आणि फायदा तुमचा, असं कसं कुणी कबूल होईल?"

"देऊ की! दर जाळ्याला पहिला मासा तुमच्या मामंजींच्या घरी."

मग तिलाच आठवलं मामंजी माळकरी आहेत ते, आणि आम्ही दोघी त्या कोरड्या तळ्याकाठी इतक्या हसलो की बाभळीवरचे होले उडाले.

"बरं, मग त्यांना आवडतं तरी काय?" तिने डोळे पुसत विचारलं.

"माती," मी म्हणाले. मला खरोखर दुसरं काही सुचलं नाही.

ती समोर बघायला लागली. समोर तळ्याचा तळ पसरला होता, काळाभोर, भेगाळलेला. तळ्यातला गाळ काढायचं काम रोजगार हमीत नुकतंच निघालं होतं. काढायची मजुरी मिळत होती, पण तो आपापल्या रानात नेऊन टाकायचा म्हणजे ज्याचं त्याने बघायचं, आणि त्या वर्षी गाडी-ट्रॅक्टरचा खर्च कुणाला झेपत नव्हता.

"आमची माणसं भरतील," ती म्हणाली. "रानात पसरून बी देतील. ट्रॉली तेवढी पायजे."

ट्रॉली दूध संस्थेकडे होती आणि दूध संस्थेच्या म्हशी त्याच तळ्याचं पाणी प्यायच्या. मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, तिने तिच्या. मग दूध संस्थेच्या ओट्यावर बैठक बसली. दोन्ही संस्थांचे सभासद, नाल्याकाठचे शेतकरी आणि मागे आम्ही बायका.

सुरुवातीला सगळं गोडगोड चाललं होतं. पट्ट्याने कुणाचंच नुकसान नाही, सगळ्यांचा फायदाच आहे, असं एकामागून एक जण म्हणत होता. मामंजी ओट्याच्या कडेला बसून माळ ओढत होते आणि त्यांचा चेहरा आंबट होत चालला होता. तेव्हा माझा नवरा उठला.

"नुकसान हाय," तो म्हणाला. "तेवढ्या रानातला ऊस जाणार. खत कमी दिलं तर पयल्या साली वाढ बी कमी दिसंल. कमी होणार न्हाई असं कुणी म्हणू नये. आता बदल्यात काय काय येतं ते बोला, मग ठरवू."

तिथून बैठक खरी झाली. म्हशीवाल्यांनी पाण्याचं सांगितलं. बायकांनी तळ्याशेजारच्या आडाचं सांगितलं, उन्हाळ्यात त्या पाण्याला वास मारतो आणि पोरांची पोटं बिघडतात. माझी मैत्रीण उठली आणि एवढंच म्हणाली, "तळं चांगलं राहिलं तर आमी गावात राहू." एवढ्यावर ती खाली बसली.

मामंजींनी माळ थांबवली. "गवत कुणाचं?"

"ज्याचं रान त्याचं," दूध संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. "कापा, म्हशीला घाला."

"अन् गाळ?"

"पट्टेवाल्यांच्या रानात आधी."

ते उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी त्यांच्यामागे तांब्या घेऊन गेले तर ते तळ्याच्या मधोमध उकिडवे बसले होते. गाळाचं एक ढेकूळ त्यांनी हातात फोडलं, चुरलं, नाकाशी नेलं आणि चोराला मुद्देमालासकट धरावं तसे ओरडले, "आगं, ह्ये तर माझंच खत हाय! इतकी सालं मी वरून टाकतोय अन् ह्ये बसलंय इथं येऊन!"

"मग न्यायचं का परत?" मी विचारलं.

"कावून न्हाई न्यायचं? आपलंच हाय!"

सारा हिवाळा आणि उन्हाळा ट्रॉल्या चालू राहिल्या. आळीतली माणसं गाळ भरत होती, रानात पसरत होती आणि मामंजी त्यांच्यात उभे राहून इकडं टाका, तिकडं टाका करत होते. मैत्रिणीने कोयता घेतला नाही. दुपारच्या भाकरीला ती आमच्या बांधावर यायची. गाळाने माखलेली ती एवढी काळी दिसायची की सासूबाई तिला आधी हात-तोंड धुवायला लावायच्या आणि मग ताकाचा पेला पुढे करायच्या. मला तो दुष्काळ, खरं सांगायचं तर, तिच्या हसण्यासकट आठवतो. नाल्यापलीकडच्या एका शेतकऱ्याने शेवटपर्यंत पट्टा सोडला नाही. त्याच्यावर कुणी जबरदस्ती केली नाही.

पुढच्या साली पाऊस चांगला झाला आणि खरी परीक्षा तेव्हा आली. वाळलेल्या उसाची जागा सोडणं सोपं होतं. आता नवी लागण होती. मामंजी स्वतः दोरी आणि खुंटी घेऊन नाल्याकाठी गेले. मी लांबून बघत होते. त्यांनी खुंटी ठोकली, मागे सरून बघितलं, मग उपटली आणि एक सरी नाल्याकडे सरकवून ठोकली. ते कंबरेवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. मग स्वतःशीच काही पुटपुटले आणि खुंटी परत पहिल्या जागी आणली. त्या पट्ट्यात त्यांनी मारवेल आणि हत्तीगवत लावलं.

माजलगावहून माशांचं बी आलं, पाण्याच्या फुगलेल्या पिशव्यांत. बोटुकली म्हणतात त्यांना. सगळी आळी घाटावर जमली होती. मासा बघतसुद्धा नाही म्हणणारे मामंजी कडेला आले, मग पुढे आले, मग वाकले. "एवढुशी!" ते म्हणाले आणि पिशवी सोडणाऱ्याला हळू हळू सोड म्हणून दटावू लागले.

त्या उन्हाळ्यात पलीकडचा कोपरा हिरवा झालाच. पण आमच्या बाजूला घाटाच्या बुडालेल्या पायऱ्या पाण्यातून दिसत होत्या, असं मी पहिल्यांदाच बघितलं. धोतर पांढरं निघायला लागलं. पोरं पोहायला शिकली. गवतात चतुर भिरभिरायचे आणि हळदीकुंकू बदकांची जोडी पिलांना घेऊन ऐटीत फिरायची. मामंजी रोज सकाळी कणकेच्या गोळ्या घेऊन घाटावर बसायचे. ऊस थोडा कमी भरला होता. तो कमी भरला हे त्यांनी चारचौघांत कबूल केलं आणि लगेच म्हशीच्या दुधाचं सांगायला लागले.

पुढच्या हिवाळ्यात पहिलं मोठं जाळं ओढलं त्या सकाळी अर्धं गाव काठावर होतं. जाळं जवळ येत गेलं तसं पाणी उकळल्यासारखं खदखदायला लागलं. एक कटला एवढा थोराड निघाला की दोघांनी धरला.

"त्याला सोडा की," मागून मामंजी म्हणाले. "त्यो रोज येतो माझ्याकडं."

"मामा, त्योच तर विकायचाय!" मैत्रिणीचा नवरा काकुळतीला आला.

"मग जरा लहान असंल त्यो विका."

सगळा काठ हसत होता. शेवटी मैत्रीणच पाण्यात उतरली, नवऱ्याच्या हातातून मासा घेतला आणि सोडून दिला. नवरा बघतच राहिला. मामंजींनी दोन्ही हात जोडले, तिला की माशाला ते कळलं नाही.

आमच्या घरी मासा शिजत नाही. दुपारी सासूबाईंनीच मला डोळ्याने खूण केली, म्हणजे जा. मैत्रिणीच्या चुलीपुढे आम्ही दोघी पाटावर बसलो, ज्वारीची गरम भाकरी आणि काळ्या मसाल्याचं कालवण. तिखटाने नाकातून पाणी येत होतं. बाहेर तिचा नवरा अजून त्या कटल्याची लांबी कुणाला तरी हाताने दाखवत होता आणि प्रत्येक वेळी हात आणखी लांब होत होते.

"अजून घे," ती म्हणाली.

मी ताट पुढे केलं.